चित्र आणि बोलणं एकाच खोलीत हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१० ऑक्टोबर जवळ आला, की जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात. विषय 'आनंदी मन' किंवा तसलाच काही. मुलं सूर्य काढतात, हसरे चेहरे काढतात, नंबर जाहीर होतात आणि चित्रं भिंतीवर लागतात. मुलं रमतात, तेव्हा स्पर्धेला माझा विरोध नाही. पण मनाचा आजार आणि चित्र यांचा संबंध तेवढाच, असं धरून आपण थांबलो आहोत. ज्यांना चित्राचा उपचार म्हणून खरोखर उपयोग होईल, त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. आपल्या सरकारी आरोग्यसेवेत समुपदेशनाच्या जोडीने आर्ट थेरपीची सोय व्हावी, एवढं एकच मागणं घेऊन हे पत्र लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या यजमानांचा खनिज वाहणारा ट्रक होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे थोडा काळ परत चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ पासून पुन्हा बंद झाल्या. आमच्या भागात या तारखा कोणाला सांगाव्या लागत नाहीत. ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू, अशी घरं आमच्या वाड्यावरच कितीतरी होती. शेवटी आमचा ट्रक भंगाराच्या भावाने गेला. त्यानंतर यजमान मिटत गेले. जेवण तुटलं, झोप उडाली, देवळातल्या उत्सवालासुद्धा बाहेर पडेनात. "माझ्यान कोणाक कितें फायदो?" हे वाक्य दुसऱ्यांदा कानावर आलं, त्या दिवशी मी त्यांना सरकारी इस्पितळात मानसोपचार विभागात नेलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि झोप परत आली. गोळ्यांचं ऋण मी कधीच नाकारणार नाही. डॉक्टरांनी समुपदेशनासाठीही पाठवलं. समुपदेशक चांगले होते, घाई करत नव्हते, कोंकणीतच बोलत होते. पण यजमानांकडे उत्तर एकच: "कांय ना." काही नाही. घरी कसं चाललंय? कांय ना. मनात काय येतं? कांय ना. ते लपवत होते असं मला वाटत नाही. उभं आयुष्य गाडीच्या केबिनमध्ये काढलेला माणूस, कर्ज हा शब्द घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारणारा. त्याला समोर खुर्चीवर बसवून 'मन मोकळं करा' म्हटलं, तर तो करणार काय? आमच्याकडच्या पुरुषांना हवामानावर, मासळीच्या भावावर, पंचायतीवर तासभर बोलता येतं. स्वतःवर बोलायची सवयच नाही.

डॉक्टरांनीच मग म्हापशाला बसणाऱ्या एका आर्ट थेरपिस्टचं नाव सुचवलं. वयाने लहान मुलगी, रीतसर शिकलेली. तिच्या खोलीत एक लांब टेबल, जाड कागद, तेलखडू, जलरंग, ओल्या फडक्यात गुंडाळलेला चिकणमातीचा गोळा. यजमान पहिल्या दिवशी म्हणाले, "बाये, माका चित्रां येनात." ती म्हणाली, "येवंक जाय अशें ना, काका." यायलाच हवीत असं नाही. पहिल्या काही वेळा त्यांनी नुसत्या रेघा ओढल्या. एकदा तर कागदाला हातच लावला नाही, माती मळत बसले. तिने हरकत घेतली नाही.

एका दिवशी त्यांनी चाक काढलं. ट्रकच्या मागच्या जोडचाकांचं, पाठीमागून दिसतं तसं. तेलखडूने काढलेलं, बोटाने पुसून काळं केलेलं, आणि दोन टायरांच्या फटीत अडकलेला एक दगड, तेवढाच तांबडा. तासाच्या शेवटी यजमानांच्या संमतीने मला आत बोलावलं जायचं, म्हणून ते चित्र आणि त्यानंतरचं बोलणं मी पाहिलं-ऐकलं. या चित्राचा अर्थ काय, असं त्या मुलीने विचारलं नाही. "तुम्हाला काय वाटतंय?" असंही नाही. तिने विचारलं, "काका, हो फातर थंय कसो गेलो?" आणि यजमान बोलायला लागले. खाणीच्या रस्त्यावर जोडचाकांत असे दगड अडकतात. बाहेरून चाक ठीक दिसतं, गाडीही चालते, पण भरल्या ट्रकखाली तो दगड टायर कापत राहतो. म्हणून धक्क्यावर रांगेत गाडी थांबली, की उतरून लोखंडी सळईने तो ठोकून काढायचा. "वेळार काडलो ना जाल्यार टायर फुट्टा." मग थोडं थांबून त्यांनी बँकेतल्या एका दिवसाची गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. त्या दिवशी ते तिथून थेट घरी आले नव्हते. कुठे गेले होते आणि काय मनात घेऊन गेले होते, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.

समुपदेशनाच्या खोलीत महिनोन्महिने जे बाहेर आलं नव्हतं, ते एका दगडावरून आलं. पुढच्या भेटीत समुपदेशकांनी तोच धागा धरला, कारण यजमानांची परवानगी घेऊन दोघांनी आपसात बोलून ठेवलं होतं. यामुळेच मी म्हणते, की चित्र आणि बोलणं वेगळं काढू नका. नुसतं चित्र काढून ते घरी आले असते, तर तो कागद गुंडाळून कपाटावर गेला असता. नुसतं बोलायला बसवलं असतं, तर "कांय ना"च्या पुढे गाडी गेली नसती.

आर्ट थेरपीत नेमकं काय होतं, हे मी त्या मुलीला खोदून खोदून विचारलं आहे, कारण शिक्षकाला कसं आणि का हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. पहिली गोष्ट साधी आहे. दोघांची नजर कागदावर असते, एकमेकांच्या तोंडावर नसते. डोळ्याला डोळा न भिडवता बोलणं संकोची माणसाला फार सोपं जातं. दुसरं म्हणजे हात गुंतलेला असला, की मधली शांतता टोचत नाही. तिसरं मला सर्वांत मोलाचं वाटतं: चित्र शिल्लक राहतं. प्रत्येक कागदामागे तारीख घालून ती फाईलमध्ये ठेवते. काही महिन्यांनी तिने सगळे कागद टेबलावर ओळीने मांडले आणि यजमानांनीच सांगितलं, की अमक्या कागदापर्यंत सगळं एका कोपऱ्यात चिकटून आहे आणि इथून पुढे हात मोकळा सुटला आहे. बोललेलं विसरायला होतं, किंवा आजारी मन ते आपल्या सोयीने बदलून ठेवतं. तारीख घातलेला कागद बदलत नाही.

यावर आपल्याकडे एक आक्षेप हमखास येतो. गोव्यात कलेची वाण आहे का? चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधतो, गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन मातीला हात लावतो, शिगम्याला रोमटाच्या मिरवणुकीत नाचतो, दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत नरकासुर उभा करतो. ती आपली थेरपीच आहे, आणखी वेगळी कशाला? मला हे सगळं प्रिय आहे, आणि माणसाला माणसांत ठेवण्याची त्याची ताकद मी मानते. पण चित्रशाळेत गणपती चांगलाच व्हावा लागतो. नरकासुराला बक्षीस असतं. माटोळी बघायला पाहुणे येतात. थेरपीच्या टेबलावर काहीच चांगलं व्हावं लागत नाही. केलेलं फाडलं तरी चालतं, आणि का फाडलं हे विचारायला शिकलेलं माणूस तिथे बसलेलं असतं. ज्याच्या आत्मविश्वासाच्या चिंध्या झाल्या आहेत, त्याला 'छान झालं हं' या शब्दांचंसुद्धा ओझं होतं. यजमान त्या वर्षी चित्रशाळेत गेले नाहीत. म्हापशाला मात्र जात राहिले.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना इथे एक विनंती. मोबाईलवर फिरणारे 'काळा रंग म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग' असले तक्ते वर्गात वापरू नका. माझ्या वर्गातल्या एका मुलाने काळा सूर्य काढला होता आणि शेजारच्या वर्गातून काळजीचे सल्ले आले. मुलाला विचारलं तर कळलं, की पेटीत तेवढाच खडू उरला होता. चित्राचा अर्थ चित्र काढणाऱ्याकडे असतो, बघणाऱ्याकडे नाही. अमेरिकेत ही पद्धत रुजवणाऱ्या मार्गारेट नॉमबर्ग यांचाही भर यावरच होता, की रुग्णाने आपल्या चित्राबद्दल आपणच बोलावं.

ही काही कालपरवा निघालेली टूम नाही. आर्ट थेरपी हे नाव १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्लिश चित्रकाराने वापरलं. तो स्वतः क्षयरोगाने सॅनेटोरियममध्ये पडून होता आणि तिथे चित्रं काढता काढता त्याला याचा गुण उमगला. मला अधिक जवळच्या वाटतात त्या ब्राझीलच्या डॉक्टर नीझे दा सिल्वेरा. आपल्याकडच्या पोर्तुगीज जाणणाऱ्या ज्येष्ठांनी त्यांच्याबद्दल मुळातून वाचून आम्हाला सांगावं अशी माझी फार इच्छा आहे. रिओच्या मनोरुग्णालयात विजेचे झटके आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया करायला या बाईंनी नकार दिला. तेव्हा त्यांना ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागात पाठवलं गेलं, जिथे रुग्णांना झाडलोटीची कामं दिली जात. त्यांनी १९४६ मध्ये तिथे रंग आणि माती आणली. वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं तिथे चित्रं काढू लागली. त्या कामांचं संग्रहालय १९५२ मध्ये उभं राहिलं, ते आजही आहे. आपल्या पणजीतल्या आल्तिनोवरच्या जुन्या मनोरुग्णालयाला नाव होतं कांदोळीच्या आबे फारियांचं. शब्दाने आणि सूचनेने मनावर काय परिणाम होतो, ते त्यांनी पॅरिसमध्ये दाखवून दिलं. पणजीत त्यांचा पुतळा पाहताना मला नेहमी वाटतं, की ज्या मातीतला माणूस या विषयात एवढा पुढे होता, तिथे नव्या उपचारांची भीती कशाला?

आणि गोवा मागे आहे असंही नाही. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेचं काम जगभर वाखाणलं गेलं. तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर, गोव्यातल्याच दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी एक पद्धत वापरून पाहिली. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घ्यायच्या आणि माणसाला पुन्हा हळूहळू कृतीकडे वळवायचं. त्याचा गुण आला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. बोलण्याचा उपचार गावातल्या आरोग्य केंद्रात, आपल्या भाषेत, आपल्याच माणसांकडून देता येतो, हे गोव्याने जगाला दाखवलं. त्या समुपदेशकांच्या टेबलावर कागद आणि खडू ठेवणं, आणि ते वापरायचे कसे हे शिकवणं, ही पुढची पायरी आपणच चढायला हवी.

आर्ट थेरपीने सगळं बरं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही आणि कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. २०१२ मध्ये निघालेल्या तिच्या निष्कर्षांत गटाने घेतलेल्या आर्ट थेरपीचा नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही. मात्र त्या चाचणीत बरेच रुग्ण गटाला फारसे आलेच नव्हते. यातून मी एवढंच घेते, की रंगांची खोली उघडून ठेवली म्हणजे काम झालं असं होत नाही. कोणाला पाठवायचं, कोणाबरोबर बसवायचं, माणूस येईनासा झाला तर त्याच्यामागे कोण जाणार, यावर सगळं अवलंबून आहे. ही कामं एखाद्या हौशी कार्यक्रमाची नव्हेत, आरोग्यसेवेची आहेत.

हौशी कार्यक्रमांविषयी मला राग आहे, तो लपवत नाही. माझ्या एका सहकारी बाईंच्या बहिणीला एका कार्यशाळेत सांगण्यात आलं, की रंगांत गोळ्यांपेक्षा जास्त ताकद आहे, गोळ्या हळूहळू सोडा. तिने सोडल्या. महिन्याभरात तिला इस्पितळात दाखल करावं लागलं. दुसऱ्या एका ठिकाणी रुग्णांची चित्रं त्यांच्या नावांसकट व्हरांड्यात लावली होती, येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला. आपल्या एवढ्याशा गोव्यात नाव वाचलं की गाव कळतं आणि गाव कळलं की घर कळतं. ब्रिटनमध्ये नोंदणी नसताना स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे तपासता येते, पण आर्ट थेरपीच्या बाबतीत सामान्य कुटुंबाने कोणावर भरवसा ठेवायचा? आम्हाला डॉक्टरांनी नाव दिलं म्हणून आम्ही वाचलो.

पैशांचंही बोलायला हवं. आमच्या घरात माझा पगार आहे, म्हणून म्हापशाची फी आणि बसभाडं झेपलं. वाड्यावरच्या ज्या घरांत ट्रकही गेला आणि पगारही नाही, त्यांनी काय करायचं? गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आमच्याही घरात आहे, पण आठवड्यातून एकदा तासभर टेबलाशी बसण्याला त्यात जागा नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये संमत झाला. मनाच्या आजारांना विम्यात शरीराच्या आजारांइतकंच स्थान द्यावं, आणि सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं तो सांगतो. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मी शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, आणि ज्याला त्याची गरज वाटते त्याने आजच तो फिरवावा. पण फोनवर बोलावंच लागतं. ज्याच्या तोंडून "कांय ना"पलीकडे शब्द फुटत नाही, त्याच्यासाठी समोर टेबल हवं.

म्हणून आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. म्हापसा आणि मडगाव इथल्या दोन्ही जिल्हा इस्पितळांत आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत रीतसर शिकलेले आर्ट थेरपिस्ट नेमा, आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक यांच्याच पथकात बसवा, वेगळ्या इमारतीत नको. त्यांनी ठरलेल्या दिवशी सांखळी, वाळपई, केपे, काणकोण अशा लांबच्या केंद्रांत जावं आणि तिथल्या समुपदेशकांना तयार करावं. कोंकणी-मराठी येणारी माणसं घ्या. रुग्णाचं चित्र म्हणजे त्याच्या केसपेपरचा भाग समजा. लेखी संमतीशिवाय ते कुठेही लावू नका, छापू नका, फोटो काढून गटावर टाकू नका. आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून दर वर्षी मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांच्यातल्या ज्यांना या कामाची ओढ आहे, त्यांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊन परत आणता येईल. सामानाचा खर्च तर अगदीच किरकोळ आहे. तेलखडूची पेटी आणि कागदांचा गठ्ठा कुठल्याही केंद्राला परवडेल. माणसाच्या पगाराची तरतूद तेवढी करावी लागेल, आणि ती अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दिसावी.

दारूच्या व्यसनातून बाहेर येणारे, पक्षाघातानंतर वाचा गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले ज्येष्ठ, घरात मारहाण पाहणारी मुलं, अशा सगळ्यांचं काम फक्त बोलण्यावर भागत नाही. यांतली मुलं मी रोज वर्गात पाहते. हायस्कुलात निदान समुपदेशक येतात. प्राथमिक शाळेत ती सोय आम्हाला नाही, आणि जखमा तर त्याच वयात होत असतात.

यजमान आता बरे आहेत. गोळ्यांचा डोस डॉक्टरांनीच कमी केला आहे, समुपदेशकांकडे अधूनमधून जाणं चालू आहे. भाड्याची रिक्षा चालवतात. हे पत्र त्यांनी वाचलं, त्यातली दोन वाक्यं काढायला लावली आणि चाकाची गोष्ट ठेवायला सांगितली. आमच्या शाळेचा एक वर्ग शनिवारी दुपारनंतर रिकामा असतो. आरोग्य खात्याने माणूस पाठवला, तर किल्ली, टेबल आणि पाण्याची सोय मी शाळा व्यवस्थापन समितीकडून मिळवून देईन. संबंधित अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा. नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे. कृपया छापू नये.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
डिचोली तालुका, गोवा